कंपायलरमधील पूर्वनिर्धारित शोधमार्ग आणि सॉफ्टवेअरची वहनीयता

सारांश

सी व सी++ या भाषांतील प्रोग्राम तयार होताना आणि तो चालताना त्यास लागणाऱ्या हेडर फाइल्स व लायब्ररी विशिष्ट डिरेक्टरींमध्ये शोधल्या जातात. प्रोग्रामकाराने काहीही न सांगता ज्या डिरेक्टरींमध्ये हा शोध घेतला जातो, त्यांना पूर्वनिर्धारित शोधमार्ग असे म्हणतात. हे मार्ग भाषेच्या प्रमाणकाने ठरवलेले नसून प्रत्येक प्रणालीत निराळे असतात. त्यामुळे ‘आपल्या संगणकावर प्रोग्राम तयार झाला’ ही गोष्ट त्याच्या वहनीयतेचा पुरावा ठरत नाही. प्रस्तुत लेखात या शोधाचे तीन टप्पे, लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस व विंडोज या प्रणालींमधील भेद, त्यांतून उद्भवणारे दोष आणि त्यांवरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कंपायलर, लिंकर, लायब्ररी, शोधमार्ग, वहनीयता.

१. प्रस्तावना

एका संगणकावर विनातक्रार तयार होणारा प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर नेला असता तयारच होत नाही, हा अनुभव संगणकशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांना केव्हा ना केव्हा येतो. प्रोग्राममधील एकही अक्षर बदललेले नसते, भाषाही तीच असते. तरीही फाइल सापडत नाही, लायब्ररी सापडत नाही, अशा सूचना पडद्यावर उमटतात. अशा वेळी दोष बहुधा प्रोग्रामच्या तर्कात नसतो. तो प्रोग्राम आणि संगणक यांच्यातील एका अलिखित गृहीतकात असतो.

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बोरलँड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर दीर्घकाळ अध्यापनासाठी वापरला गेला. तो सामान्यतः ‘सी’ ड्राइव्हवरील ‘टीसी’ या डिरेक्टरीत बसवलेला असे आणि त्याच्या ‘ऑप्शन्स’ मेनूतील ‘डिरेक्टरीज’ या खिडकीत ‘सी:\टीसी\इन्क्लूड’ व ‘सी:\टीसी\लिब’ हे मार्ग नोंदवलेले असत. तीच डिरेक्टरी ‘डी’ ड्राइव्हवर हलवली आणि ही नोंद बदलायची राहिली, तर अगदी पहिल्या धड्यातील प्रोग्रामही ‘एसटीडीआयओ.एच’ ही फाइल उघडता येत नाही असे सांगून थांबत असे. आलेखनाच्या प्रात्यक्षिकांत तर ‘इनिटग्राफ’ या फंक्शनला तिसरे आर्ग्युमेंट म्हणून ‘सी:\टीसी\बीजीआय’ हा मार्ग विद्यार्थी स्वतःच्या हाताने लिहीत. पहिला मार्ग कंपायलरच्या नोंदीत होता, दुसरा थेट प्रोग्रामच्या मजकुरात. दोहोंमागील गृहीतक मात्र एकच होते : सर्व संगणकांवर ही सामग्री याच ठिकाणी असेल.

कंपायलर बदलले, प्रणाली बदलल्या, तरी हे गृहीतक नाहीसे झाले नाही. आधुनिक कंपायलरमध्ये ते अधिक खोलवर गेले आहे आणि म्हणूनच सहज नजरेस पडत नाही. ते कोठे दडलेले असते आणि वहनीयतेस बाधा कशी आणते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे वहनीयता म्हणजे एका प्रणालीसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रणालीवर फारसा बदल न करता तयार होणे व चालणे, असा अर्थ अभिप्रेत आहे.

२. तीन टप्पे, तीन शोध

‘कंपायलर लायब्ररी शोधतो’ असे आपण सैलपणे म्हणतो. वस्तुतः प्रोग्रामच्या आयुष्यात तीन स्वतंत्र शोध होतात. ते तीन निरनिराळे घटक घेतात आणि प्रत्येकाचे मार्ग स्वतंत्र असतात.

पहिला शोध हेडर फाइल्सचा होय. हेडर फाइलमध्ये लायब्ररीतील फंक्शनांची नावे, त्यांना लागणाऱ्या मूल्यांचे प्रकार व रचना यांचे वर्णन असते. प्रत्यक्ष काम करणारा संकेत तेथे सहसा नसतो. प्रोग्राममध्ये हेडरचे नाव अवतरणचिन्हांत दिले असेल, तर जीसीसी हा कंपायलर ते प्रथम त्या प्रोग्राम फाइलच्याच डिरेक्टरीत शोधतो. नाव कोनी कंसांत असेल, तर हा पहिला टप्पा वगळला जातो. पुढे ‘-आय’ या पर्यायाने सांगितलेल्या डिरेक्टरी डावीकडून उजवीकडे या क्रमाने तपासल्या जातात आणि अखेरीस पूर्वनिर्धारित मार्गांची पाळी येते. युनिक्स कुळातील प्रणालींवर जीसीसीच्या सर्वसाधारण मांडणीत ‘/यूएसआर/लोकल/इन्क्लूड’, कंपायलरची स्वतःची हेडर डिरेक्टरी आणि ‘/यूएसआर/इन्क्लूड’ यांचा त्यांत समावेश होतो.

दुसरा शोध लिंकर घेतो. प्रोग्रामचे निरनिराळे भाग आणि लायब्ररी यांची जोडणी करणे हे लिंकरचे काम. लायब्ररीचे नाव स्मॉल ‘एल’ या पर्यायाने आणि शोधाची जागा कॅपिटल ‘एल’ या पर्यायाने सांगितली जाते. जागा सांगितली नसेल, अथवा तेथे लायब्ररी मिळाली नसेल, तर लिंकर आपल्या पूर्वनिर्धारित मार्गांकडे वळतो. ग्नू प्रकल्पाचा ‘एलडी’ हा लिंकर प्रत्येक डिरेक्टरीत आधी ‘.एसओ’ ने संपणारी शेअर्ड लायब्ररी आणि ती नसल्यास ‘.ए’ ने संपणारी स्टॅटिक लायब्ररी पाहतो. मॅकच्या जुन्या लिंकरची रीत निराळी होती. तो आधी सर्व डिरेक्टरींमध्ये शेअर्ड लायब्ररी शोधत असे आणि ती कोठेच न मिळाल्यास स्टॅटिक लायब्ररीसाठी पुन्हा पहिल्या डिरेक्टरीपासून प्रारंभ करी. म्हणजे मार्गांची यादी तीच असूनही केवळ शोधाच्या रीतीमुळे दोन लिंकर निरनिराळ्या फाइल्सवर येऊन थांबू शकतात.

तिसरा शोध प्रोग्राम चालू होताना घडतो. स्टॅटिक लायब्ररीतील आवश्यक भाग जोडणीच्या वेळीच प्रोग्राममध्ये समाविष्ट होतो. शेअर्ड लायब्ररीचे मात्र केवळ नाव नोंदवले जाते आणि प्रत्यक्ष लायब्ररी प्रोग्राम सुरू होताना डायनॅमिक लोडर शोधून आणतो. लिनक्सवर हा लोडर प्रोग्राममध्येच नोंदलेले मार्ग, ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या पर्यावरणचलातील मार्ग, ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॅश’ ही आधीच तयार करून ठेवलेली सूची आणि शेवटी ‘/लिब’ व ‘/यूएसआर/लिब’ या डिरेक्टरी विचारात घेतो.

या तीन शोधांना परस्परांची माहिती नसते, ही सर्वांत महत्त्वाची बाब होय. हेडर एका ठिकाणचे, जोडणीच्या वेळची लायब्ररी दुसऱ्या ठिकाणची आणि चालताना मिळालेली लायब्ररी तिसऱ्याच ठिकाणची, असे घडू शकते. तिन्ही एकाच आवृत्तीची असतील अशी हमी कोणीही देत नाही.

३. पूर्वनिर्धारित मार्ग ठरवतो कोण?

सी भाषेची ख्याती मुख्यतः तिच्या वहनीयतेमुळे आहे. १९७३ मध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली सी भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि पुढे ती निरनिराळ्या यंत्रांवर नेणे शक्य झाले. १९८९ मध्ये अमेरिकेत आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर या भाषेचे प्रमाणक प्रसिद्ध झाले. या प्रमाणकाने भाषेचे व्याकरण व मानक लायब्ररीतील फंक्शने काटेकोरपणे सांगितली. हेडर कोणत्या ठिकाणी शोधावे, हे मात्र कंपायलर तयार करणाऱ्यावर सोपवले. युनिक्स प्रणालींसाठीच्या पॉझिक्स प्रमाणकातही कंपायलरच्या आज्ञेचे पर्याय सांगितले आहेत. प्रोग्रामकाराने सांगितलेल्या डिरेक्टरी नेहमीच्या ठिकाणांआधी पाहाव्यात, एवढा क्रम ते घालून देते. ही नेहमीची ठिकाणे कोणती, याची सर्वांना बंधनकारक अशी यादी त्यात नाही.

हे न्यून नसून जाणीवपूर्वक ठेवलेली मोकळीक आहे. काही यंत्रांवर डिरेक्टरी ही संकल्पनाच नसते, तर काही कंपायलर हेडर फाइलच्या स्वरूपात ठेवतही नाहीत. तथापि या मोकळिकीचा परिणाम असा की, भाषेचे प्रमाणक तंतोतंत पाळणारा प्रोग्रामही आपल्या सामग्रीच्या ठिकाणाबाबत स्थानिक रूढीवर विसंबून राहतो.

ही रूढी प्रत्यक्षात कंपायलर तयार होतानाच त्यात कोरली जाते. जीसीसी तयार करताना दिलेल्या पर्यायांवरून त्याची हेडर डिरेक्टरी ठरते, तर ‘एलडी’ चे मार्ग त्याच्या आत साठवलेल्या जोडणी-संहितेत लिहिलेले असतात. एकाच नावाचा आणि एकाच आवृत्तीचा कंपायलर दोन वितरणांमध्ये निरनिराळ्या ठिकाणी शोध घेतो, याचे कारण हेच. हे मार्ग गुप्त मात्र नाहीत. जीसीसीला ‘-प्रिंट-सर्च-डर्स’ हा आणि ‘एलडी’ ला ‘--व्हर्बोज’ हा पर्याय दिल्यास लायब्ररींचे शोधमार्ग पडद्यावर दिसतात. अडचण अशी की प्रोग्राम सुरळीत तयार होत असताना ते पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

४. प्रणालीनुसार आढळणारे भेद

४.१ लिनक्स : लिनक्सच्या विविध वितरणांत एकवाक्यता यावी म्हणून १९९४ मध्ये डिरेक्टरी-रचनेचे एक प्रमाणक प्रसिद्ध झाले. तेच पुढे फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड या नावाने विकसित झाले आणि त्याची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली. तरीही ६४ बिटी प्रोसेसर आल्यावर मार्ग दुभंगलेच. एकाच संगणकावर ३२ व ६४ बिटी लायब्ररी एकत्र नांदाव्यात यासाठी रेड हॅटच्या परंपरेतील वितरणांनी ६४ बिटी लायब्ररींकरिता ‘/यूएसआर/लिब६४’ ही डिरेक्टरी स्वीकारली. डेबियनने प्रत्येक यंत्ररचनेच्या नावाची स्वतंत्र उपडिरेक्टरी करण्याचा मार्ग पत्करला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ७ पासून अशा लायब्ररी ‘/यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू’ यांसारख्या ठिकाणी ठेवल्या जाऊ लागल्या. ज्या बांधणी-संहितांमध्ये ‘/यूएसआर/लिब’ हा मार्ग हाताने लिहिलेला होता, त्या दोन्ही ठिकाणी अपुऱ्या ठरल्या.

‘/यूएसआर/लोकल/लिब’ या डिरेक्टरीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. वापरकर्त्याने स्वतः तयार केलेल्या लायब्ररी रूढीनुसार येथे ठेवल्या जातात. डेबियनमध्ये ही डिरेक्टरी लोडरच्या नोंदीत आधीपासूनच असते. रेड हॅटच्या परंपरेत ती सहसा नसते. लिंकर तेथे पाहतो, परंतु लोडर पाहत नाही, अशी स्थिती त्यामुळे उद्भवते. प्रोग्राम निर्वेधपणे तयार होतो आणि चालवताक्षणी शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही असे सांगून थांबतो. नवशिक्या वापरकर्त्यास हा विरोधाभास वाटतो. मागील विभागातील भेद लक्षात घेतल्यास त्याचे कारण स्पष्ट होते : दुसरा शोध यशस्वी झाला, तिसरा झाला नाही.

४.२ फ्रीबीएसडी : या प्रणालीत मूळ प्रणाली आणि बाहेरून घेतलेले सॉफ्टवेअर यांची सीमारेषा कटाक्षाने पाळली जाते. बाहेरचे सर्व सॉफ्टवेअर ‘/यूएसआर/लोकल’ खाली जाते आणि मूळ प्रणालीतील कंपायलर तेथील हेडर आपणहून पाहत नाही. लोडरच्या सूचीत मात्र ‘/यूएसआर/लोकल/लिब’ असते. म्हणजे येथे रेड हॅटच्या नेमके उलट घडते. तयार करताना मार्ग सांगावा लागतो, चालवताना सांगावा लागत नाही. लिनक्सवर काहीही न सांगता तयार होणारा प्रोग्राम फ्रीबीएसडीवर हेडर न सापडल्याने अडतो, तो यामुळे.

४.३ मॅकओएस : पूर्वनिर्धारित मार्गांवर विसंबण्याची किंमत येथे ठळकपणे दिसली. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर होमब्रू हा लोकप्रिय पॅकेज व्यवस्थापक आपले सॉफ्टवेअर ‘/यूएसआर/लोकल’ खाली बसवत असे. कंपायलर तेथे आपोआप पाहत असल्याने असंख्य प्रकल्पांना मार्ग सांगण्याची गरजच पडली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या प्रोसेसरचे मॅक बाजारात आणले. दोन यंत्ररचनांच्या लायब्ररींची सरमिसळ टाळण्यासाठी होमब्रूने नव्या यंत्रांकरिता ‘/ऑप्ट/होमब्रू’ ही डिरेक्टरी निवडली आणि फेब्रुवारी २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत तिला अधिकृत स्वरूप दिले. ही डिरेक्टरी कंपायलरच्या पूर्वनिर्धारित यादीत नव्हती. परिणामी जे प्रकल्प काहीही न सांगता तयार होत होते, त्यांना लायब्ररी संगणकावर असूनही सापडेनाशा झाल्या. नवा प्रोसेसर प्रोग्रामच्या तर्कात कोठेही आडवा आला नव्हता. मोडले होते ते केवळ ठिकाणाविषयीचे गृहीतक.

याआधी २०१८ मधील मोहावे या आवृत्तीपासून ‘/यूएसआर/इन्क्लूड’ येथे हेडर आपोआप बसवणे ॲपलने थांबवले आणि ते विकाससंचाच्या डिरेक्टरीतूनच घेण्याची पद्धत रूढ केली. २०२० मधील बिग सर या आवृत्तीपासून प्रणालीच्या अनेक शेअर्ड लायब्ररी स्वतंत्र फाइल म्हणून डिस्कवर आढळत नाहीत. त्या एका सामायिक साठ्यात असतात. फाइल अस्तित्वात आहे की नाही एवढेच पाहून लायब्ररी आहे की नाही हे ठरवणाऱ्या संहिता त्यामुळे फसल्या.

४.४ विंडोज : मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला हेडर व लायब्ररींचे मार्ग मुख्यतः ‘इन्क्लूड’ आणि ‘लिब’ या पर्यावरणचलांतून मिळतात. त्यांची मांडणी विकाससंचाची एक बॅच फाइल करते. ती न चालवता साध्या आज्ञाखिडकीतून कंपायलर वापरल्यास मानक हेडरही सापडत नाहीत. चालताना लागणाऱ्या डीएलएल फाइल्सचा शोध प्रोग्रामच्या स्वतःच्या डिरेक्टरीपासून सुरू होतो. पूर्वी चालू डिरेक्टरीचा क्रम प्रणालीच्या डिरेक्टरींआधी येई. त्यामुळे त्या डिरेक्टरीत कोणी त्याच नावाची घातक फाइल ठेवल्यास तीच स्वीकारली जाण्याचा धोका होता. २००४ मधील विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून चालू डिरेक्टरी या क्रमात खाली ढकलण्यात आली. शोधमार्गाचा क्रम हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, हे यावरून ध्यानी येते.

५. वहनीयतेवरील परिणाम

वरील भेदांतून उद्भवणाऱ्या दोषांचे दोन वर्ग करता येतात : उघड अपयश आणि मूक अपयश.

उघड अपयशात फाइल सापडत नाही आणि काम थांबते. गणिती लायब्ररीचे उदाहरण विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. वर्गमूळ काढणारे ‘एसक्यूआरटी’ हे फंक्शन मानक सी भाषेचा भाग आहे. तरीही युनिक्सच्या परंपरेनुसार ते ‘लिबएम’ या वेगळ्या लायब्ररीत ठेवलेले असल्याने लिनक्सवर जोडणी करताना ‘-एलएम’ हा पर्याय द्यावा लागतो. मॅकओएसवर ही फंक्शने आपोआप जोडल्या जाणाऱ्या प्रणालीच्या लायब्ररीतच मिळतात. टर्बो सीमध्येही वेगळे काही सांगावे लागत नसे. अशा प्रणालीवर लिहिलेला प्रोग्राम लिनक्सवर अडतो. हे अपयश त्रासदायक खरे, परंतु प्रामाणिक असते. काय मिळाले नाही हे ते सांगते आणि दुरुस्ती बहुधा एका पर्यायाने होते.

मूक अपयशात फाइल सापडते, पण ती अपेक्षित फाइल नसते. एखाद्या संगणकावर एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आहेत असे समजू. जुनी आवृत्ती वितरणाबरोबर आलेली, ‘/यूएसआर’ खाली. नवी आवृत्ती वापरकर्त्याने बसवलेली, ‘/यूएसआर/लोकल’ खाली. जीसीसी ‘/यूएसआर/लोकल/इन्क्लूड’ आधी पाहत असल्याने हेडर नवे मिळते. लोडरच्या सूचीत मात्र केवळ ‘/यूएसआर/लिब६४’ असल्यास चालताना लायब्ररी जुनी मिळते. दोहोंच्या दरम्यान एखाद्या रचनेत एक नवे क्षेत्र वाढले असेल, तर प्रोग्राम त्या रचनेचा आकार एक समजतो आणि लायब्ररी दुसरा. कंपायलर तक्रार करत नाही, लिंकरही करत नाही. प्रोग्राम कधी कोसळतो, तर कधी न कोसळता चुकीचे उत्तर देतो. अभियांत्रिकी गणन किंवा वैज्ञानिक विदेचे विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा दुसरा परिणाम अधिक घातक होय, कारण त्या उत्तरावर पुढील निर्णय घेतले जातात.

हा धोका काल्पनिक नाही, हे काही लायब्ररींच्या रचनेवरूनच दिसते. माहितीचे आकुंचन करणाऱ्या ‘झेडलिब’ या सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत काम सुरू करणारे फंक्शन हेडरमधील आवृत्तीचा क्रमांक आणि मुख्य रचनेचा आकार या दोन्ही गोष्टी लायब्ररीकडे पाठवते. त्या लायब्ररीच्या स्वतःच्या नोंदींशी न जुळल्यास आवृत्तीदोष कळवून काम नाकारले जाते. हेडर एका ठिकाणचे आणि लायब्ररी दुसऱ्या ठिकाणची येऊ शकते, हे ध्यानात घेऊन केलेली ही तजवीज आहे. बहुसंख्य लायब्ररींमध्ये मात्र अशी तपासणी नसते.

एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रासाठी प्रोग्राम तयार करताना हा प्रश्न अधिक तीव्र होतो. इंटेल प्रोसेसरच्या संगणकावर एआरएम प्रोसेसरच्या उपकरणासाठी प्रोग्राम तयार करत असता यजमान संगणकाची लायब्ररी लिंकरच्या हाती लागली, तर ‘एलडी’ ती विसंगत म्हणून वगळतो आणि तसे कळवतो. हेडर फाइलला अशी यंत्ररचनेची खूण नसते. ‘/यूएसआर/इन्क्लूड’ मधील यजमानाचे हेडर चुकून वापरले गेले, तर प्रकारांचे आकार व स्थिरांक दुसऱ्याच यंत्राचे घेतले जातात आणि चूक तयार प्रोग्राममध्ये शिरते. येथे पूर्वनिर्धारित मार्ग निरुपयोगी ठरतो, इतकेच नव्हे तर अपायकारक ठरतो.

६. उपाययोजना व त्यांच्या मर्यादा

मार्ग थेट प्रोग्राममध्ये किंवा बांधणी-संहितेत लिहून टाकणे हा पहिला सुचणारा उपाय असतो. टर्बो सीमधील ‘बीजीआय’ मार्गाचीच ही पुनरावृत्ती असून तिने प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलाची मांडणी करणे हा दुसरा लोकप्रिय उपाय. चाचणीपुरता तो उपयुक्त आहे. परंतु ते चल त्या सत्रातील सर्वच प्रोग्रामना लागू होते आणि एका प्रोग्रामच्या सोयीसाठी दुसरा बिघडू शकतो. त्यातील एखादी जागा चुकून रिकामी राहिल्यास तिचा अर्थ चालू डिरेक्टरी असा घेतला जातो. विशेष अधिकारांनिशी चालणाऱ्या प्रोग्रामसाठी लोडर हे चल सुरक्षिततेस्तव दुर्लक्षितो. म्हणून कायमस्वरूपी व्यवस्था म्हणून ते स्वीकारार्ह नाही.

गृहीत धरण्याऐवजी विचारणे, या तत्त्वावर उभारलेली साधने अधिक टिकाऊ ठरली आहेत. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेंझी यांनी आरंभलेले ऑटोकॉन्फ हे साधन लहान लहान चाचणी-प्रोग्राम तयार करून पाहते आणि एखादे हेडर वा फंक्शन त्या संगणकावर खरोखर उपलब्ध आहे की नाही हे अनुभवाने ठरवते. ‘पीकेजी-कॉन्फिग’ मध्ये ही जबाबदारी लायब्ररीकडे येते. प्रत्येक लायब्ररी आपले ठिकाण, आवृत्ती व जोडणीचे पर्याय एका छोट्या फाइलमध्ये नोंदवते आणि बांधणी-संहिता तिला विचारते. सीमेकमध्येही लायब्ररी शोधण्याची व्यवस्था आहे. मात्र या साधनांच्याही स्वतःच्या पूर्वनिर्धारित याद्या असतात, हे विसरता कामा नये. ‘पीकेजी-कॉन्फिग’ ला ती माहितीची फाइलच नेहमीच्या ठिकाणी मिळाली नाही, तर प्रश्न एका पायरीने वर सरकतो, एवढेच. फरक असा की आता तो एकाच जागी सोडवावा लागतो आणि आवृत्तीची अट स्पष्ट शब्दांत नोंदवता येते.

प्रोग्राम चालतानाच्या शोधासाठी मार्ग प्रोग्राममध्येच सापेक्ष स्वरूपात नोंदवता येतो. लिनक्सवर ‘ओरिजिन’ या खुणेचा अर्थ प्रोग्राम जेथे आहे ती डिरेक्टरी असा होतो. लायब्ररी प्रोग्रामबरोबरच ठेवून असा मार्ग नोंदवल्यास संपूर्ण संच कोठेही हलवता येतो. दुसऱ्या यंत्रासाठी प्रोग्राम तयार करताना ‘सिसरूट’ या पर्यायाने लक्ष्य प्रणालीची स्वतंत्र मूळ डिरेक्टरी सांगता येते. त्यामुळे पूर्वनिर्धारित मार्ग त्या मुळापासून मोजले जातात आणि यजमानाची सामग्री मिसळण्याची शक्यता बरीच घटते.

याच विचाराचे टोक निक्स या पॅकेज व्यवस्थापकात गाठलेले दिसते. त्याची मांडणी एल्को डॉलस्ट्रा यांनी २००६ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात केली आहे. निक्समध्ये प्रत्येक लायब्ररी, ती ज्या घटकांपासून तयार झाली त्यांवरून काढलेल्या हॅश-संकेताच्या नावाने, स्वतंत्र डिरेक्टरीत राहते आणि कंपायलर ‘/यूएसआर’ खालील नेहमीची ठिकाणे पाहतच नाही. जे सांगितले नाही ते सापडत नाही. अवलंबित्व घोषित करायचे राहिले, तर ते पहिल्याच बांधणीत उघड होते. म्हणजे मूक अपयशाचे रूपांतर उघड अपयशात होते. याची किंमत म्हणजे बाहेर तयार झालेले आणि नेहमीच्या मार्गांवर विसंबणारे प्रोग्राम या प्रणालीवर सहजासहजी चालत नाहीत.

याचा अर्थ पूर्वनिर्धारित मार्ग टाकून द्यावेत असा नाही. त्यांच्याविना पहिल्या धड्यातील प्रोग्रामसाठीही विद्यार्थ्यास अनेक मार्ग लिहावे लागतील. कंपायलर व मानक लायब्ररी यांच्यापुरते ते सोयीचे व आवश्यक आहेत. प्रश्न निर्माण होतो तो तिसऱ्याच कोणाची लायब्ररी याच सोयीतून मिळू लागते तेव्हा.

७. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) हेडर, जोडणी आणि चालतानाची लायब्ररी यांचे शोध परस्परांपासून स्वतंत्र असतात. एक यशस्वी झाला म्हणून दुसरा यशस्वी होईल, किंवा त्याच आवृत्तीपर्यंत पोहोचेल, असे मानता येत नाही.

(२) पूर्वनिर्धारित शोधमार्ग हा सी भाषेचा नव्हे, तर विशिष्ट कंपायलरच्या विशिष्ट मांडणीचा गुणधर्म आहे. भाषेचे प्रमाणक पाळल्याने वहनीयतेचा हा भाग साधत नाही.

(३) लायब्ररी न सापडणे यापेक्षा चुकीची लायब्ररी सापडणे अधिक धोकादायक आहे. म्हणून बांधणीची व्यवस्था अशी असावी की, शंका असल्यास तिने थांबावे.

(४) मानक लायब्ररीव्यतिरिक्त लागणारी प्रत्येक लायब्ररी आणि तिची किमान आवृत्ती बांधणी-संहितेत घोषित करावी. ठिकाण मात्र लिहू नये, ते विचारून घ्यावे.

(५) वहनीयतेची चाचणी प्रोग्रामकाराच्या स्वतःच्या संगणकावर होऊ शकत नाही, कारण त्या संगणकावर अनेक वर्षांत साचलेल्या लायब्ररी कंपायलरला आपोआप मिळत असतात. नुकत्याच बसवलेल्या कोऱ्या प्रणालीवर, आणि शक्य तर डिरेक्टरी-रचना निराळी असलेल्या दुसऱ्या प्रणालीवर, प्रोग्राम तयार करून व चालवून पाहणे हीच खरी कसोटी होय.

अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय दुर्लक्षिण्याजोगा नाही. भाषेचे व्याकरण शिकवताना कंपायलर कोठे पाहतो हेही दाखवले, ‘-प्रिंट-सर्च-डर्स’ चे उत्तर दोन निरनिराळ्या संगणकांवर विद्यार्थ्यांसमोर ठेवले, तर फाइल न सापडल्याची सूचना त्यांना कोड्यासारखी वाटणार नाही. आपला प्रोग्राम कशावर उभा आहे याची स्पष्ट नोंद ठेवणे, ही तो दुसऱ्याच्या संगणकावरही उभा राहावा यासाठीची पहिली अट आहे.